उजळणारी गुप्त खूण: लावायची कशी आणि तपासायची कशी

आपली वस्तू अस्सल म्हणून ओळखता यावी यासाठी अदृश्य शाईचं पेन आणलं, हातात मावणारी यूव्ही टॉर्च घेतली, वस्तूच्या तळाशी सही केली, झालं काम. बहुतेकांची सुरुवात अशीच होते आणि फसगतही इथेच होते. तेच पेन नक्कल करणाऱ्यालाही मिळतं. ‘चमकतंय म्हणजे खरं’ एवढ्यावर विसंबलेली खूण एका संध्याकाळीत नकलता येते.

खूण कामाची ठरते ती उलटतपासणीत टिकली तर. कोणत्या प्रकाशात उजळते? नेमक्या कोणत्या रंगाने? दिवा बंद केल्यावर किती वेळ? वस्तूवर कुठे? आणि कुठे अजिबात उजळत नाही? हे पाच प्रश्न आधी ठरवून त्यांची उत्तरं लिहून ठेवायची आणि मग शाईला हात लावायचा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

मूळ तत्त्व दोन ओळींत सांगता येतं. काही पदार्थ कमी तरंगलांबीचा, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषतात आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे मांडलं आणि फ्लोरोसन्स हा शब्दही त्यांचाच. डोळ्यांना न दिसणारा जंबुपार (यूव्ही) प्रकाश आत गेला आणि दिसणारा लाल किंवा हिरवा बाहेर आला, की आपल्याला खूण ‘पेटल्यासारखी’ दिसते.

१. तपासणार कोण, ते आधी ठरवा

वस्तूंचं अस्सलपण तपासण्याच्या क्षेत्रात खुणांचे तीन थर मानतात. उघडी खूण कोणालाही साध्या डोळ्यांनी दिसते. झाकलेली खूण दिसायला एखादं साधं उपकरण लागतं. तिसरी, प्रयोगशाळेतली खूण वर्णपटमापकाशिवाय, म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांब्या वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्राशिवाय, कळतच नाही. अशा उपाययोजनांची निवड आणि पारख कशी करावी यासाठी आयएसओ २२३८३ हे २०२० सालचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठ्या प्रमाणावर काम करणार असाल तर ते वाचून ठेवा.

उजळणाऱ्या खुणा मुख्यतः मधल्या थरात बसतात. त्यामुळे प्रश्न असा विचारा: तपासणाऱ्याच्या हातात काय असेल? गोदामातल्या माणसाकडे टॉर्च असेल, पण वर्णपटमापक नसेल. ग्राहकाकडे फक्त फोन असेल. फोनच्या फ्लॅशमध्ये निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या पुडीचा, लेप असतो, जंबुपार प्रकाश जवळपास नसतोच. म्हणून ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाला उजळणारी खूण फोनचा फ्लॅश मारून दिसणार नाही. ‘ग्राहक फोनने तपासेल’ असं ठरवून जंबुपार शाई मागवण्याची चूक वारंवार होते.

२. साहित्य जमवा, आणि टॉर्च घेताना घाई करू नका

- ३६५ नॅनोमीटरची टॉर्च, पुढे काळपट फिल्टर काच असलेली. झेडडब्ल्यूबी-२ ही काच या कामी सर्रास वापरतात
- २५४ नॅनोमीटरचा नळीवाला दिवा, दोन तरंगलांब्यांची खूण ठरवली असेल तरच
- ३९५ नॅनोमीटरची साधी टॉर्च. ही कशासाठी ते खाली सांगितलं आहे
- जंबुपार अडवणारा पॉलिकार्बोनेटचा बाजूने बंद चष्मा आणि हातमोजे
- आतून काळा, मॅट रंग दिलेला खोका किंवा जाड काळं कापड
- दहापट भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू
- काचपट्ट्या, आणि ज्या वस्तूवर खूण लावायची तिच्याच साहित्याचे कोरे तुकडे
- ज्याचं शटर, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतो असा कॅमेरा आणि स्टँड
- बांधीव नोंदवही

टॉर्चवर जरा थांबू. स्वस्त ‘यूव्ही टॉर्च’ बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते. तिच्यातून जंबुपार प्रकाशाबरोबर भरपूर जांभळा प्रकाशही येतो. पांढऱ्या कागदावर मारली की कागद जांभळट होतो आणि त्या जांभळ्यात फिकट खूण बुडून जाते. नवशिक्याला वाटतं, खूणच कमजोर आहे. शाई वाढवली जाते, मग ती साध्या उजेडातही डागासारखी दिसू लागते.

टॉर्चची परीक्षा स्टीलच्या स्वच्छ चमच्यावर करा. स्टील स्वतः उजळत नाही, त्यामुळे चमच्यात दिसतो तो सगळा प्रकाश टॉर्चमधूनच गळलेला असतो. अंधारात चमचा जांभळा लख्ख दिसला तर टॉर्च ३९५ ची आहे. पांढुरका ठिपका दिसला तर ३६५ ची असेल, पण फिल्टर नाही. जेमतेम मंद गडद झाक दिसली तर टॉर्च कामाची.

मग ३९५ ची टॉर्च कशाला? तुमची खूण चुकीच्या टॉर्चखाली कशी दिसते ते माहीत असावं म्हणून. तपासणाऱ्यांपैकी कोणीतरी तीच टॉर्च घेऊन येणार, हे धरून चाला.

सुरक्षेचं इथेच सांगतो. ३६५ ची टॉर्च डोळ्यांत मारायची नाही आणि चकचकीत पत्र्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचाही विचार करायचा. २५४ चा दिवा त्याहून खोडसाळ. त्याने डोळ्यांचा बाहेरचा पडदा भाजतो, पण त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाही, तीनही हवेत.

३. वस्तू आधी कोरीच तपासा

ही पायरी सगळे टाळतात आणि नंतर पस्तावतात. खूण लावण्याआधी वस्तू अंधारात ३६५ खाली धरा. तिची स्वतःची चमक किती, ते बघा.

पांढरा छपाईचा कागद निळा भगभगतो, कारण त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. ती जंबुपार शोषून निळा प्रकाश सोडतात. साबणाच्या पावडरीतही तीच असतात, म्हणून धुतलेलं सुती कापड तसंच दिसतं. बरेच गोंद निळसर पांढरे उजळतात, लाखेचं जुनं पॉलिश नारिंगी दिसतं, झिंक व्हाइट रंग पिवळसर दिसतो, युरेनियमची काच हिरवीगार होते. प्लास्टिकचा नेम नाही. एकाच रंगाचे दोन डबे वेगळे उजळतात.

म्हणूनच नोटांचा कागद मुद्दाम न उजळणारा घेतात. युरोची नोट जंबुपार प्रकाशात धरली की कागद काळपट राहतो आणि त्यातले बारीक धागे रंगीत उठून दिसतात. साध्या कागदावर छापलेली नकली नोट संपूर्ण निळी पेटते. इथे पुरावा चमकण्याचा नसून न चमकण्याचा आहे. तुमच्या वस्तूसाठीही ‘अंधारी जागा’ नोंदवून ठेवा. नक्कल करणारा खुणेची काळजी घेतो, कागदाची घेत नाही.

एक बारीक गोष्ट. तपासण्याआधी वस्तू कापडाने पुसली की कापडाचे तंतू तिच्यावर चिकटतात. दहापट भिंगाखाली हे तंतू लख्ख निळे, वेटोळे आणि टोकाला पिंजलेले दिसतात. नोटेच्या कागदात असतात तसले सुरक्षा-तंतू समजून लोक त्यांचे फोटो काढतात. फुंकर मारा किंवा मऊ ब्रश फिरवा. जागचा हलला तो तंतू तुमच्या कापडाचा. खरा सुरक्षा-तंतू कागदाच्या लगद्यातच रुतलेला असतो आणि त्याचा काही भाग पृष्ठाखाली गेलेला दिसतो.

४. उजळणारा पदार्थ निवडा

बाजारात शेकडो नावं आहेत, पण घराणी मोजकी.

सेंद्रिय रंगद्रव्यं शाईत सहज विरघळतात आणि कुठल्याही यंत्रातून छापता येतात. त्यांची चमक दिवा बंद होताच नॅनोसेकंदांत संपते. उन्हात ती लवकर मरतात. अदृश्य निळा रंग मिळवायला सगळ्यात सोपा, आणि म्हणूनच सगळ्यात निरुपयोगी: कागदाच्या आपल्याच निळ्या चमकेत तो हरवतो, आणि नक्कल करणाऱ्यालाही तोच सोपा पडतो.

युरोपियम आणि टर्बियम या धातूंची संयुगं हे दुसरं घराणं. साध्या उजेडात रंगहीन असलेली पण ३६५ खाली लाल होणारी शाई बहुधा युरोपियमची असते. तिची मुख्य रेघ ६१२ ते ६१५ नॅनोमीटरच्या आसपास अगदी अरुंद येते. टर्बियमची हिरवी रेघ ५४५ च्या जवळ असते. यांची चमक मिलिसेकंदाच्या घरात रेंगाळते. डोळ्याला ते कळत नाही, पण यंत्राला कळतं. दिव्याचा झोत बंद करून शंभरेक मायक्रोसेकंद थांबायचं आणि मग मोजायचं. तोवर कागदाची आणि गोंदाची चमक विझलेली असते, खूण तेवढी बोलत असते. उणी बाजू: यातली अनेक संयुगं आम्लाने आणि कडक उन्हाने खराब होतात.

असेंद्रिय फॉस्फर म्हणजे स्फटिकांची पूड. ऊन, उष्णता, बहुतेक द्रावणं यांना ती दाद देत नाही. अडचण कणांच्या आकाराची. कण काही मायक्रॉनचे असतात, शाईत तळाशी बसतात आणि इंकजेटच्या तोंडात अडकतात. दिव्याशी जोडी जमवणंही महत्त्वाचं. युरोपियम मिसळलेलं यिट्रियम ऑक्साइड २५४ खाली लाल भडक उजळतं, ३६५ खाली जवळजवळ गप्प राहतं. यिट्रियम ऑक्सिसल्फाइड मात्र ३६५ लाही उत्तर देतं. नावात ‘युरोपियमचं लाल’ एवढंच वाचून मागवलं तर चुकीची पूड हाती पडते.

हाच फरक खुबीने वापरताही येतो. २०१३ पासून आलेल्या युरोपा मालिकेच्या युरो नोटांवर समोरच्या बाजूचे मोठे तारे यूव्ही-ए (३६५ ज्यात येतो त्या) प्रकाशात पिवळे, तर यूव्ही-सी (२५४ ज्यात येतो त्या) प्रकाशात नारिंगी दिसतात. जागा एकच, प्रश्न दोन, उत्तरंही दोन. पेनाने हे नकलता येत नाही. थोडं जास्त काम करायची तयारी असेल तर पहिली निवड हीच ठेवा.

रेंगाळणाऱ्या चमकेसाठी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट. युरोपियम आणि डिस्प्रोसियम घातलेली ही पूड दिवा गेल्यावर तासन्‌तास हिरवी राहते. साधी पूड पाण्याने बिघडते, त्यामुळे पाण्याच्या शाईत घालायची तर लेप दिलेलीच घ्या. खेळण्यांत ती सहज मिळते, तेव्हा एकटीच्या भरवशावर राहू नका.

शेवटचं घराणं उलट्या चालीचं. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आत, दृश्य प्रकाश बाहेर. यिटर्बियम आणि अर्बियम घातलेलं सोडियम यिट्रियम फ्लोराइड ९८० नॅनोमीटरच्या लेझरखाली हिरवं उजळतं, थुलियम घातलं तर निळं. हा परिणाम १९६६ मध्ये दाखवला गेला. कागद, कापड, गोंद यांतलं काहीच ९८० ला असं उजळत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी पूर्ण काळी मिळते. पण दृश्य प्रकाशाच्या एका कणासाठी (फोटॉनसाठी) अवरक्त प्रकाशाचे निदान दोन कण लागतात. म्हणून लेझरची ताकद निम्मी केली की चमक साधारण एक चतुर्थांश होते. लेझर जरा लांब धरला, ठिपका पसरला, की खूण विझल्यासारखी वाटते. अंतर ठरवणारी टोपी लेझरला बसवून घ्या.

आणि हा लेझर डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि तोवर डोळ्याचा आतला पडदा भाजलेला असतो. जंबुपारचा चष्मा इथे कुचकामी आहे. ९८० नॅनोमीटरसाठीचाच चष्मा लागतो. तो नसेल तर हे घराणं सोडून द्या.

५. शाई कालवा, वजनाने

‘चमचाभर पूड’ हे माप चालणार नाही. पुढच्या वेळी तीच खूण पुन्हा बनवता आली पाहिजे.

असेंद्रिय पुडीसाठी पारदर्शक माध्यम (पूड ज्यात कालवायची तो बिनरंगी शाईचा द्रव) घ्या आणि चार वाट्यांत २०-२० ग्रॅमचे नमुने करा: १ ग्रॅम पूड आणि १९ ग्रॅम माध्यम म्हणजे ५ टक्के, २ आणि १८ म्हणजे १०, ३ आणि १७ म्हणजे १५, ४ आणि १६ म्हणजे २० टक्के. चारही एकाच जाडीने एकाच पट्टीवर ओढा.

सेंद्रिय रंगद्रव्य फार कमी लागतं. २० ग्रॅमला ०.०२ ग्रॅम मोजायला गेलात तर तुमच्या तराजूची चूकच निम्म्याने असेल. म्हणून आधी मातृद्रावण करा: ०.५ ग्रॅम रंगद्रव्य आणि ४९.५ ग्रॅम माध्यम, म्हणजे १ टक्का. त्यातलं २ ग्रॅम आणि १८ ग्रॅम माध्यम घेतलं की ०.१ टक्का, ४ आणि १६ घेतलं की ०.२, १० आणि १० घेतलं की ०.५ टक्का मिळतं.

नमुने वाळले की ३६५ खाली बघा. प्रमाण वाढवलं की चमक वाढते, मग थबकते, आणि सेंद्रिय रंगात पुढे चक्क उतरते. रेणू दाटीवाटीने बसले की एकमेकांची ऊर्जा गिळतात. जास्तीत जास्त चमकणारा नमुना निवडू नका. साध्या उजेडात तिरपा धरूनही जो दिसत नाही, त्यातला सगळ्यात उजळ निवडा.

या पायरीवरच्या नेहमीच्या चुका:

पांढरी शाई मिसळणे. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड ३६५ चा प्रकाश आपणच शोषून घेतं, फॉस्फरच्या वाट्याला काही उरत नाही. पांढरा थर खाली दिला तर चालतो, मिसळायचा किंवा वर द्यायचा नाही.

पूड खलणे. गुठळ्या मोडायला खलबत्त्यात जोराने घोटली की स्फटिकांच्या पृष्ठाला इजा होते आणि चमक घटते. थोड्या माध्यमात भिजवून हलक्या हाताने कालवा, मग गाळून घ्या. स्क्रीन छपाई करणार असाल तर जाळीचं छिद्र सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान तिप्पट असू द्या.

यूव्हीने सुकणारी शाई. ती सुकवणारा प्रकाश आणि तुमची खूण शोषते तो प्रकाश एकच. खूण आपला वाटा घेते, शाई चिकट राहते. दोन पातळ थर द्या, एक जाड नको.

आणि शाई वापरण्याआधी दर वेळी ढवळा. बाटलीच्या वरची शाई आणि तळाची शाई यांत फरक पडला की पहिल्या पन्नास वस्तूंवर खूण फिकी आणि शेवटच्या पन्नासांवर भडक येते.

६. जागा ठरवा

खोक्यावर, पिशवीवर, लटकत्या चिठ्ठीवर लावलेली खूण खोक्याची असते, वस्तूची नाही. रिकामं अस्सल खोकं मिळवून त्यात नकली माल भरणं सोपं असतं. खूण अशा भागावर हवी, जो काढला तर वस्तू निकामी होईल. लेबल टाळता येत नसेल तर सोलताना फाटणारं घ्या आणि खुणेचा अर्धा भाग लेबलवर, अर्धा वस्तूवर येईल असा ठसा मारा.

हाताचा घाम आणि घर्षण लागतं ती जागा टाळा. वरून पारदर्शक पटल येणार असेल तर त्याच पटलाचा तुकडा खुणेवर ठेवून आधी बघा. साधं पॉलिएस्टर ३६५ जाऊ देतं, २५४ अडवतं. साधी काचही तशीच. उन्हापासून बचाव करणारं वार्निश किंवा पॉलिकार्बोनेट बहुधा दोन्ही अडवतं. खूण लावून झाल्यावर दुसऱ्या विभागाने वरून असं वार्निश मारलं की सगळा खटाटोप पाण्यात.

शक्य तर दोन खुणा ठेवा: एक तपासणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेली, दुसरी फक्त नोंदवहीत.

जुन्या चित्रांवर, हस्तलिखितांवर आणि संग्रहालयातल्या वस्तूंवर थेट शाई लावू नका. संग्रहालयात क्रमांक घालण्यासाठी आधी पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेचा थर देतात, त्यावर लिहितात आणि वर पुन्हा थर देतात. अ‍ॅसिटोनने हे सगळं वस्तूला धक्का न लावता निघतं. हीच त्याची मर्यादाही. जी खूण तुम्हाला सुखरूप काढता येते ती चोरालाही काढता येते. अशा वस्तूसाठी उजळणारी खूण दुय्यम ठेवा आणि वस्तूच्याच नैसर्गिक चमकेचे फोटो मुख्य पुरावा म्हणून जपा.

७. खूण छळून बघा

संपूर्ण मालावर लावण्याआधी कोऱ्या तुकड्यांवर हे करा. दर वेळी अर्धी पट्टी झाकून ठेवा, म्हणजे तुलना तिथल्या तिथे होते.

- ऊन: पट्टी उन्हाच्या खिडकीत, अर्धी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाकून. शेजारी १ ते ८ क्रमांकांची ब्लू वूल पट्टी (उन्हात ठराविक वेगाने विटणाऱ्या निळ्या लोकरीच्या तुकड्यांची) ठेवा, म्हणजे किती ऊन लागलं त्याचं माप मिळतं
- घासणे: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने २० वेळा. बोळाही दिव्याखाली बघा, तो उजळला तर शाई सुटतेय
- पाणी: २४ तास भिजवून, मग वाळवून
- उष्णता: ६० अंश सेल्सियसला आठवडाभर
- सौम्य आम्ल: युरोपियमचं संयुग असेल तर व्हिनेगरचा एक थेंब, तासाभराने बघा

८. नोंद: खुणेइतकीच महत्त्वाची

नोंदवहीत प्रत्येक घाण्यासाठी पुढच्या गोष्टी हव्यात: पुडीचा आणि माध्यमाचा बॅच क्रमांक, वजनं, तारीख, पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक, दिव्याची तरंगलांबी, खुणेची जागा कडेपासून मिलिमीटरमध्ये, ‘अंधाऱ्या जागा’, आणि ही माहिती कोणाकोणाला आहे त्यांची यादी.

फोटो काढताना कॅमेऱ्याला काहीही स्वतः ठरवू देऊ नका. अंधारात स्वयंचलित कॅमेरा उजेड वाढवतो, लाल खूण फुटून नारिंगी किंवा पांढरी दिसते, आणि सहा महिन्यांनी तुमचाच संदर्भ फोटो तुमच्या खऱ्या वस्तूला खोटी ठरवतो. आयएसओ ४००, छिद्र एफ ५.६, शटर पाव सेकंद, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन इथून सुरुवात करा, जुळेल ते आकडे लिहून ठेवा आणि पुढे तेच वापरा. लेन्सवर जंबुपार अडवणारा फिल्टर, दिवा ४५ अंशांत, अंतर मोजून. नळीचा दिवा असेल तर पाच मिनिटं तापू द्या. टॉर्चची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण ती उतरली की चमकही उतरते.

प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी नियंत्रण-पट्टी ठेवा. एकाच पट्टीवर अस्सल खूण, कोरा भाग आणि बाजारातल्या पेनाने केलेली नक्कल. ही पट्टी काळ्या पाकिटात ठेवायची. तीच उन्हात राहिली तर मापदंडच फिका पडतो.

प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे ओळखायची असेल तर आणखी एक युक्ती आहे. फॉस्फरचे मोठे कण वार्निशमध्ये विरळ मिसळा आणि फासा. कण कुठे पडतील ते तुमच्याही हातात नसतं, आणि नेमकं तेच हवं आहे. त्या जागेचा भिंगातून फोटो काढून वस्तूच्या क्रमांकासह जपून ठेवा. कणांची तीच मांडणी दुसऱ्या वस्तूवर जुळवणं शाई बनवणाऱ्यालाही जमणार नाही. जुळणी करताना काही कण झिजून गेलेले असतील हे धरा. सगळेच्या सगळे जुळण्याची अट घातली तर खऱ्या वस्तू नापास होतात. किती जुळले की पुरे, तो आकडा घासण्याच्या चाचणीतून काढा.

९. तपासणीचा क्रम

१. साध्या उजेडात, प्रकाश तिरपा पाडून पृष्ठभाग बघा. खुणेच्या जागी खरवडल्याच्या किंवा नव्या वार्निशच्या कडा आहेत का?

२. अंधार करा आणि दोन मिनिटं थांबा. उजेडातून आलेल्या डोळ्याला फिकट खूण दिसत नाही.

३. आधी नियंत्रण-पट्टी. ती नेहमीसारखी उजळली तरच पुढे जा. नाही तर दोष दिव्यात आहे.

४. वस्तू ३६५ खाली. जागा, आकार, रंग. मग अंधाऱ्या जागा. दोन्ही लिहा.

५. ठरवलं असेल तर २५४ खाली तेच.

६. दिवा बंद करून रेंगाळणारी चमक. अस्सल खूण लगेच विझायला हवी असेल आणि ही रेंगाळत असेल, तर तेही उत्तरच.

७. ९८० चा लेझर असेल तर तो सगळ्यात शेवटी, खोलीत दुसरं कोणी नसताना.

रंग बघताना जागा विसरली जाते. अमेरिकन डॉलरचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे: सुरक्षा-धागा ५ च्या नोटेत निळा, १० च्या नोटेत नारिंगी, २० ला हिरवा, ५० ला पिवळा आणि १०० ला गुलाबी उजळतो, आणि प्रत्येक नोटेत वेगळ्या जागी असतो. ५ ची खरी नोट धुऊन तिच्यावर १०० छापले तर कागद अस्सल, धागाही अस्सल, चमकतोही. फक्त निळा चमकतो. ‘धागा उजळतो का?’ एवढाच प्रश्न विचारणारा इथे फसतो.

१०. उत्तर जुळलं नाही तर

निकालाच्या रकान्यात तीन पर्याय ठेवा: जुळली, जुळली नाही, ठरवता येत नाही. तिसरा पर्याय नसेल तर तपासणारा दडपणाखाली पहिल्या दोनांपैकी काहीतरी लिहितो.

खूण अजिबात दिसत नाही, याचा अर्थ वस्तू नकली असाच नाही. ऊन, द्रावण, वरून मारलेलं वार्निश, सगळे संशयित आहेत. खूण आहे पण फिकी, हे बहुधा वयाचं लक्षण. जुन्या बॅचच्या पट्टीशी ताडून बघा, नव्या नाही. रंगच वेगळा असेल तर आधी कॅमेरा बाजूला ठेवून डोळ्यांनी बघा. रंग बरोबर पण कडा फुटलेल्या आणि शाई तंतूंवरून पसरलेली दिसत असेल, तर भिंगाखाली पेनाचे फटकारे शोधा. छापलेल्या खुणेची कड सलग असते, पेनाच्या रेषेला सुरुवातीला आणि शेवटी गाठ येते. सगळीच वस्तू निळी पेटत असेल तर तुमची खूण शोधण्याआधी मूळ सामग्रीच बदललीय का ते बघा.

संशयित वस्तू पुसायची नाही, खुणेवर पुन्हा शाई फिरवायची नाही, आणि ‘तुलनेसाठी’ तिच्यावर आपली नवीन खूण तर मुळीच लावायची नाही. काळ्या कागदात गुंडाळा, नियंत्रण-पट्टी, फोटो आणि बॅच क्रमांकाची नोंद सोबत द्या आणि वर्णपटमापक असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवा. युरोपियमची अरुंद रेघ आणि सेंद्रिय लाल रंगाचा पसरट उंचवटा डोळ्याला सारखेच लाल दिसतात. आलेखावर ते पहिल्या नजरेत वेगळे पडतात.